उपग्रहाने वाट केव्हा सोडावी?



२०२२ सालचा गुढीपाडवा विदर्भातल्या पुष्कळ मंडळींच्या चांगला लक्षात असेल. एप्रिलची २ तारीख होती. दिवेलागण होऊन गेली होती, आणि एकाएकी आभाळात जळते गोळे ओळीने सरकताना दिसले. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले विमान पेटले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी म्हणून गाव आहे. तिथे धातूचे एक भले मोठे कडे येऊन पडले. माणूस हात पसरून उभा राहिला तरी व्यास पुरा पडणार नाही, एवढे मोठे. आसपासच्या गावांत धातूचे पोकळ गोळे सापडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. वर्षभरापूर्वी उडालेल्या एका चिनी अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले.

आता ही वस्तू खाली आली म्हणून आपल्याला कळली. जी खाली येत नाही, वरच फिरत राहते, तिचे काय? आजचे बोलणे त्याविषयी आहे. आणि त्याहूनही अधिक, तिच्यापासून आपले उपग्रह अंग कसे चोरतात, त्याविषयी.

१९५७ साली पहिला स्पुटनिक वर गेला, तेव्हापासून माणसाने हजारो उपग्रह सोडले. काही कामाचे आहेत, काही मेले. त्यांच्याबरोबर गेलेल्या अग्निबाणांचे रिकामे सांगाडे आहेत, स्फोट होऊन उडालेल्या ठिकऱ्या आहेत. जमिनीवरच्या रडारांनी व दुर्बिणींनी ज्यांच्यावर पाळत होती अशा वस्तू २०२५ सालच्या सुरुवातीला सुमारे ४० हजार भरत होत्या, आणि त्यांतल्या चालू उपग्रहांची संख्या ११ हजारांच्या आसपास होती. म्हणजे बाकीचा सारा गाळ. हे झाले दिसणाऱ्यांचे. बोरापेक्षा लहान, चिंचोक्याएवढे जे तुकडे आहेत ते रडारला नीट दिसत नाहीत. एक सेंटिमीटर ते दहा सेंटिमीटर एवढ्या तुकड्यांचा अंदाज दहा लाखांच्या वर जातो.

एवढ्याशा तुकड्याने काय होते, असे कोणी म्हणेल. उत्तर वेगात आहे. पृथ्वीपासून सातआठशे किलोमीटर उंचीवर फिरणारी वस्तू सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावते. मुंबईहून निघाले तर वीस सेकंदांत पुणे. बंदुकीची गोळीसुद्धा याच्यापुढे रांगते म्हणावे लागेल. आणि अशा दोन वस्तू आडव्या भेटल्या, तर दोघींचा वेग एकमेकींवर आदळतो. त्यामुळे चिंचोक्याएवढा तुकडासुद्धा उपग्रह निकामी करू शकतो.

तशी एक भेट प्रत्यक्षात झाली. तारीख १० फेब्रुवारी २००९. ठिकाण सैबेरियाच्या वर, सुमारे ७९० किलोमीटरवर. एक होता अमेरिकन कंपनीचा इरिडियम ३३, टेलिफोनचे संदेश पोचवणारा, चांगला चालता उपग्रह. दुसरा रशियाचा कॉसमॉस २२५१. तो १९९३ साली वर गेला आणि दोन वर्षांत बंद पडला. चौदा वर्षे नुसता फिरत होता. दोघांची टक्कर सेकंदाला जवळजवळ पावणेबारा किलोमीटर वेगाने झाली. दोन हजारांहून अधिक मोजण्याजोगे तुकडे झाले. न मोजता येणारे वेगळे. दोन अखंड उपग्रह एकमेकांवर आदळून फुटल्याची ही पहिली घटना.

या गोष्टीतला मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग वेगळाच आहे. ही भेट होणार हे आधी हिशेबात आलेले होते! त्या काळी दोन उपग्रह किती जवळून जातील याचे रोज एक गणित मांडले जाई. त्या दिवशीच्या गणितात या जोडीचे अंतर ५८४ मीटर निघाले होते. आणि त्या आठवड्याच्या यादीत याहून जवळच्या अशा कितीतरी जोड्या होत्या. तेव्हा कोणी हललेच नाही. यात कोणाचा निष्काळजीपणा होता असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. यादीतल्या प्रत्येक जोडीसाठी हलायचे म्हटले, तर उपग्रहाला दुसरे काम उरायचे नाही. खरा पेच हा आहे. बाजूला कसे व्हायचे ते शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. केव्हा व्हायचे, ते ठरवणे अवघड.

आता बघा, हे अवघड का, ते आपल्या ओळखीच्या गोष्टीवरून सांगतो. फाट्यावर संध्याकाळी पाचची एस.टी. येते. येते म्हणजे कधी पाचला, कधी सव्वापाचला. तिथेच आडव्या रस्त्याने उसाची गाडी यायची आहे, ती साधारण पाचच्या सुमारास. या दोघी फाट्यावर नेमक्या एका क्षणी येतील का? तुम्ही म्हणाल, सांगता येणार नाही. पण येण्याची शक्यता किती, ते सांगता येईल. उपग्रहाचे गणित हेच. रडारने वस्तू पाहिली, तिची कक्षा काढली, आणि तीन दिवसांनी ती कुठे असेल ते मांडले. पण ते स्थान म्हणजे एक बिंदू नसतो. बिंदूभोवती एक लांबट ढग असतो. या ढगात कुठेतरी ती वस्तू असेल, एवढेच खात्रीने म्हणता येते. तो ढग वस्तूच्या वाटेच्या दिशेने लांब असतो, कारण ती कुठून जाणार ते पुष्कळसे पक्के असते, केव्हा पोचणार ते तेवढे पक्के नसते. अगदी आपल्या एस.टी.सारखे.

वेळ चुकते कशाने? तिथेही थोडी हवा आहे. अगदी विरळ, पण आहे. सूर्य खवळला, त्याच्यावर वादळे झाली, की ही वरची हवा तापून फुगते आणि उपग्रहांना जास्त अडवते. कालचे गणित आज चुकते.

दोघांचे ढग एकमेकांत किती मिसळतात त्यावरून टकरीची शक्यता काढतात. बहुतेक ठिकाणी पाळला जाणारा आकडा असा आहे, की दहा हजारांत एक किंवा त्याहून अधिक धोका दिसला तर हलण्याचा विचार करावा. दहा हजारांत एक म्हणजे फारच थोडा, असे वाटेल. पण उपग्रह कोट्यवधी रुपयांचा, आणि असे प्रसंग एकामागून एक येणारे, हे ध्यानात घेतले की आकडा लहान वाटत नाही.

इथे एक खोच आहे. गणिताच्या गुरुजींनी ती मुलांना जरूर सांगावी. एका हद्दीपलीकडे मोजणी जितकी ढोबळ, ढग जितका मोठा, तितकी टकरीची शक्यता कागदावर कमी निघते! ढग सगळीकडे पसरला, तर नेमक्या एका ठिकाणी वस्तू असण्याचा संभव कमी होतो. म्हणजे अज्ञानामुळे धोका लहान दिसतो. म्हणून शहाणी माणसे निघालेल्या आकड्यावर थांबत नाहीत. पुन्हा रडार लावतात, पुन्हा मोजतात. भेटीची वेळ जवळ येते तसा ढग आक्रसतो. बहुतेक वेळा आक्रसता आक्रसता कळते, की दोघे चांगले लांबून जाणार आहेत, आणि सूचना मिटवून टाकतात. थांबण्यात फायदा आहे तो असा. मात्र फार थांबले तर हलायला वेळ उरत नाही. आज्ञा पाठवायची तर उपग्रह आपल्या एखाद्या केंद्राच्या आभाळात यावा लागतो, बंगळूर असो, लखनौ असो की मॉरिशस. तो तिथे आठदहा मिनिटे दिसतो आणि क्षितिजाखाली जातो.

आता हलायचे कसे ते सांगतो, कारण यात मोठी मौज आहे.

पूर्वी खळ्यात मळणी व्हायची ती वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. मध्ये तिवडा, आणि त्याच्याभोवती बैलांची पात. तिवड्याजवळचा बैल हळू चालतो, कडेच्या बैलाला झपाझप पावले टाकावी लागतात, कारण त्याची फेरी मोठी. आभाळात याच्या नेमके उलट आहे. पृथ्वीच्या जवळचा उपग्रह पळतो, लांबचा रेंगाळतो. आणि लांबच्याची फेरीही मोठी. म्हणजे जो वर गेला तो दोन्ही कारणांनी मागे पडला. म्हणून उपग्रहाला मागून पुढे ढकलले, तर तो थोडा उंच कक्षेत जातो, आणि परिणामी मागे पडतो. पुढे ढकलल्यामुळे मागे! मुलांना हे सांगून बघा, वर्गात वाद सुरू होईल.

ढकलायचे तरी किती? अगदी थोडे. समजा, सातशे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाचा वेग सेकंदाला फक्त एक सेंटिमीटरने वाढवला. गोगलगाईच्या वेगाहून फार जास्त नाही हे. त्याची कक्षा सरासरी वीसएक मीटरच उंचावते. पण त्यामुळे प्रत्येक फेरीत तो पूर्वीच्या जागेपेक्षा पावणेदोनशेएक मीटर मागे राहतो. दिवसाला त्याच्या साडेचौदा फेऱ्या होतात. गुणाकार करा. चोवीस तासांत अडीच किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. म्हणजे ज्या नाक्यावर दोघे भेटायचे, तिथे आपला उपग्रह सेकंदाच्या तिसऱ्या भागाइतका उशिरा पोचतो. तेवढ्यात तो दुसरा निघून गेलेला असतो.

गुरुजनहो, शाळेच्या मैदानावर फुलीसारख्या दोन चुन्याच्या रेघा आखा आणि दोन मुलांना त्यांवरून पळवा. नाक्यावर दोघे एकदम येतील असे बसवा. मग एकाला सांगा, तू फक्त दोन पावले मागून निघ. कोणाला वाट सोडावी लागत नाही, वळावेही लागत नाही, आणि धक्काही लागत नाही. उपग्रह सहसा वळत नाही, श्रोतेहो, वेळ चुकवतो. ही युक्ती मात्र आदल्या दिवशी ठरवली तर स्वस्त पडते. अगदी ऐनवेळी ठरवली तर त्याच अंतरासाठी कितीतरी मोठा धक्का द्यावा लागतो.

धक्का देण्यासाठी इंधन लागते. वर गेलेल्या उपग्रहाला सहसा कोणी जाऊन इंधन घालत नाही. जे बरोबर नेले त्यावरच आयुष्य. प्रत्येक चुकवाचुकवीत त्यातले थोडे जाते. शिवाय तेवढा वेळ छायाचित्रे घेण्याचे काम बाजूला ठेवावे लागते, नंतर पुन्हा जागेवर यावे लागते. आणि नवी वाट आणखी कोणाच्या वाटेत तर जात नाही ना, तेही आधी तपासावे लागते. एकाला चुकवायला जावे आणि दुसऱ्याच्या अंगावर पडावे, असे व्हायचे.

आपल्याकडे हे काम बंगळूरला चालते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, यासाठी वेगळे केंद्र उभारले असून ते २०२२ साली रीतसर सुरू झाले. अनेक वस्तूंवर एकदम नजर ठेवणारे रडार श्रीहरिकोट्याला आहे. त्याखेरीज अमेरिकन लष्कराच्या रडारांकडून सूचना येतात. आपण आपल्या उपग्रहांची स्थाने अधिक अचूक जाणतो, म्हणून आलेली सूचना इथे पुन्हा तपासली जाते. टक्कर टाळण्यासाठी उपग्रह हलवण्याचे प्रसंग २०२१ साली १९ आले, २०२२ साली २१, आणि २०२३ साली २३. हजारो सूचनांमधून निवडून निवडून राहिलेले हे प्रसंग.

न हलण्याचाही एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. २७ नोव्हेंबर २०२० रोजी आपला कार्टोसॅट २ एफ आणि रशियाचा कॅनोपस नावाचा उपग्रह एकमेकांजवळून गेले. दोघेही जमिनीची छायाचित्रे घेणारे. रशियाकडून जाहीर झाले, की अंतर अवघे २२४ मीटर होते. इस्रोचे म्हणणे पडले, की आम्ही चार दिवस पाळत ठेवून होतो, अंतर ४२० मीटरांच्या आसपास होते, आणि दीडशे मीटरांच्या जवळ आले असते तरच हलवले असते. एकच भेट, दोन मोजमापे, आणि त्यांत दोनशे मीटरांचा फरक. दोन तलाठ्यांनी एकच बांध मोजावा तसे झाले. कोण बरोबर, हे ठरवण्याच्या भरीस मी पडत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की दोघेही पाहत होते.

चंद्राभोवतीसुद्धा हा प्रसंग आला. तिथे गर्दी ती काय, हातावर मोजावी एवढी याने. पण ध्रुवांवरून जाणाऱ्या वाटा ध्रुवाशी एकत्र येतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये चांद्रयान २ चे परिभ्रमण करणारे यान आणि अमेरिकेचे एक यान चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ फार जवळ येणार, असे दोन्ही संस्थांच्या गणितात निघाले. भेट २० तारखेला होती. १८ तारखेला आपले यान हलवले आणि प्रश्न मिटला.

हलायचे ते आपणच का, असे तुम्ही विचाराल. रास्त प्रश्न आहे. घाटात समोरासमोर गाड्या आल्या तर चढणीला असलेल्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, असा नियम आहे. अवकाशात असा सर्वांना बांधणारा नियम झालेला नाही. २ सप्टेंबर २०१९ रोजी युरोपीय संस्थेने वारे मोजणारा आपला एओलस उपग्रह हलवला. समोर होता एका अमेरिकन कंपनीचा, इंटरनेटसाठी सोडलेल्या स्टारलिंक मालिकेतला उपग्रह. धोका हजारात एकापर्यंत चढला होता. कंपनीच्या पत्रव्यवहारात काही तांत्रिक चूक राहिली आणि पुढची सूचना तिच्या माणसांच्या ध्यानातच आली नाही. शेवटी एओलसने भेटीआधी अर्धी फेरी असताना जोर लावला, साडेतीनशे मीटर वर चढला, आणि वरून निघून गेला. इतक्या मोठ्या यंत्रणा, आणि गाडे अडले ते एका न पोचलेल्या पत्रावर! त्याच मालिकेत आता हजारो उपग्रह आहेत. ते यंत्राच्या हिशेबाने आपले आपण हलतात. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या सहा महिन्यांत त्यांनी सुमारे ५० हजार वेळा अशी हालचाल केली. इतकी हालचाल करणारा शेजारी असला, की त्याची वाट आधीच ओळखणे दुसऱ्याला कठीण होते, ही त्याची दुसरी बाजू.

आपल्या ग्रामीण श्रोत्यांचा याच्याशी संबंध काय, ते थोडक्यात सांगतो, कारण तो दूरचा नाही. कोणत्या जिल्ह्यात कोणते पीक किती आहे, याचे अंदाज ज्यांच्या छायाचित्रांवरून बांधतात ते रिसोर्ससॅट उपग्रह सुमारे ८१७ किलोमीटर उंचीवर फिरतात. समुद्राच्या पाण्याचा रंग पाहून मासळी कुठे मिळण्याजोगी आहे याची सूचना हैदराबादच्या केंद्रातून कोकणच्या बंदरांना जाते, तीत ओशनसॅटचा वाटा आहे. तो साधारण सव्वासातशे ते साडेसातशे किलोमीटरवर. आता उंच्या आठवा. २००९ ची टक्कर ७९० वर झाली. चीनने २००७ साली आपलाच एक जुना हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला तो ८६० च्या आसपास. त्याचे तीन हजारांहून अधिक तुकडे नोंदले गेले आहेत. म्हणजे आपले पीक पाहणारे डोळे नेमके याच आळीत राहतात. या उंचीवरचा तुकडा आपण होऊन खाली यायला अनेक दशके, कधी शतकही लागते. भारतानेही २०१९ च्या मार्चमध्ये आपला एक उपग्रह फोडला, हे सांगितले पाहिजे. ती उंची तीनशे किलोमीटरांहून कमी ठेवली होती, म्हणून बहुतेक तुकडे काही महिन्यांत जळाले. तरी काही वर उडाले आणि त्यांना जास्त काळ लागला. त्याआधी २००१ साली आपल्या एका पी.एस.एल.व्ही. अग्निबाणाचा वर राहिलेला टप्पा आपोआप फुटून साडेतीनशेंहून अधिक तुकडे झाले होते. पुढे असे टप्पे उरलेले इंधन सोडून देऊन रिकामे करण्याची पद्धत पडली. चुलीत निखारा ठेवून घर सोडू नये, तसेच ते.

आणि ज्याला हलताच येत नाही त्याचे काय? २००१ साली अमेरिकेने टाइमेड नावाचा उपग्रह सोडला. वरच्या हवेचा अभ्यास करणारा. त्याला धक्का देणारे इंजिन बसवलेलेच नाही. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची आणि कॉसमॉस २२२१ या रशियाच्या मेलेल्या उपग्रहाची वाट सुमारे सहाशे किलोमीटर उंचीवर एकमेकींना छेदत होती. इथे कोणी आज्ञा द्यायची आणि कोणाला? माणसे गणिते करत होती, रडार लावत होती, आणि पाहत बसण्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हते. आपल्याकडे तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. तो राष्ट्रीय विज्ञान दिन होता. कितीतरी शाळांतून मुले टेबलांवर आपले प्रयोग मांडून उभी असतील.

दोघे वीस मीटरांहूनही जवळून गेले, असे आधी सांगण्यात आले. नंतर नीट हिशेब केला तेव्हा अंतर दहा मीटरांच्या आत भरले. शाळेच्या एका खोलीची लांबी. टाइमेड सुखरूप राहिला. या दोघांच्या भेटी पुढेही होतील, परंतु कक्षांच्या उंचीत हळूहळू फरक पडत असल्यामुळे एवढ्या जवळून होण्याचा संभव कमी, असे अमेरिकन संस्थेने त्या वेळी कळवले होते.